थेंब घेणाऱ्यांना समजावायचं कसं? (सीडीएस, एमएमएस, क्लोरीन डायऑक्साइड)

सोनकी

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवरच असते, पण आज नाइलाज आहे.

आमचं घर सिंहगड रस्त्याला. २०२५च्या जानेवारीत जीबीएसची (गुलेन-बारी, नसांवर परिणाम करणारा आजार) साथ आली तेव्हा पाण्याची केवढी धास्ती होती ते इथल्या पुणेकरांना सांगायला नको. किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, रोज हीच नावं बातम्यांत. त्या गडबडीत सासऱ्यांच्या बागेतल्या सकाळच्या ग्रुपमधून दोन छोट्या बाटल्या घरात आल्या, 'पाणी शुद्ध करायचे थेंब' म्हणून. म्हटलं, असू देत. साथ गेली, बाटल्या राहिल्या, आणि आता त्यांचं औषध झालंय.

बाबा ७४ वर्षांचे. शुगर आहे, बीपी आहे, गुडघे दुखतात. दिवाळीला मिळालेल्या सेटमधला एक छोटा काचेचा ग्लास त्यांनी यासाठी वेगळा काढलाय, स्टीलचं भांडं चालत नाही म्हणे. दोन्ही बाटल्यांतले थेंब त्यात टाकतात, ग्लास जरा हलवतात, बघता बघता पाणी पिवळं होतं आणि सगळ्या स्वयंपाकघरात पोहण्याच्या तलावासारखा वास सुटतो. मग त्यात साधं पाणी घालून पितात. एक वही केलीय. तारीख, वेळ, थेंब, आणि शेवटचा रकाना 'परिणाम'. त्यात लिहिलेलं असतं: मळमळ. उलटी १. जुलाब ३. ग्रुपवर सांगितलंय की ही शरीरातली घाण बाहेर पडतेय, घाबरू नका. परवापासून शुगरची गोळीही बंद केलीय.

नवरा म्हणतो, वय झालंय, करू दे त्यांना मनासारखं. मला मात्र झोप लागत नाही. हे नक्की काय आहे? आणि त्यांना न दुखावता सांगायचं कसं?

नारायणपेठी

'परिणाम' रकान्यात 'जुलाब ३' लिहून खूश होणारा माणूस मी फक्त बोर्डाचे पेपर तपासताना पाहिलाय. (तिथे आनंद वेगळा होता.)

चेष्टा सोडा, गोळी बंद केलीय हे आधी तुमच्या डॉक्टरांना फोन करून सांगा. बाकी जाणकार येतीलच.

पाणीवाला

जाणकार म्हणवून घेत नाही, पण औद्योगिक पाणी शुद्धीकरणात नोकरी झाली, आणि हे रसायन हाताळण्यात बरीच वर्षं गेली.

पहिल्या बाटलीत सोडियम क्लोराइट असतं. क्लोराइड नव्हे, क्लोराइड म्हणजे आपलं मीठ. हे क्लोराइट, कापड आणि कागदाचा लगदा ब्लीच करायला वापरतात. दुसऱ्या बाटलीत आम्ल, बहुतेक वेळा सायट्रिक. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन डायऑक्साइड तयार होतो. तुम्ही लिहिलेला पिवळा रंग आणि वास त्याचाच.

हा वायू पाण्यासाठी उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. जगभर वापरतात. पण आम्ही तो जागेवरच बनवतो, सिलिंडरमध्ये भरून आणता येत नाही, कारण हवेत त्याचं प्रमाण साधारण १० टक्क्यांच्या वर गेलं की स्फोटाची भीती. डोसिंग रूममध्ये गळती सांगणारा अलार्म असतो, मास्क हाताशी असतो. आणि मात्रा किती? अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात क्लोरीन डायऑक्साइड जास्तीत जास्त ०.८ मिलिग्रॅम प्रति लिटर चालतो, मागे उरणारं क्लोराइट १ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेचा क्लोराइटचा आकडा ०.७.

आता तुमच्या ग्लासाचं गणित. या बाटल्यांत साधारण २२ टक्के सोडियम क्लोराइट असतं (लेबलवर बहुधा २८ लिहितात, कारण मूळ पावडर ८० टक्केच शुद्ध असते). त्याच्या एका थेंबात ढोबळमानाने १० मिलिग्रॅम क्लोराइट येतं. २०० मिलिलिटर पाण्यात तो एक थेंब, म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम. मर्यादेच्या ५० पट, आणि हा एकच थेंब झाला. बाबा किती घेतात?

सोनकी

वहीत कालच्या तारखेला ६ थेंब आहेत, आणि असं दिवसातून तीन वेळा. ग्रुपवर हळूहळू वाढवायला सांगितलंय.

मोकळा_श्वास

मी स्वतः सीडीएस (हाच क्लोरीन डायऑक्साइड, पाण्यात विरघळवलेला) घेतो. नवीन सदस्य आहे, पण इथे एकतर्फी चाललंय म्हणून लिहितो.

माझ्या गुडघ्यांसाठी एका मोठ्या हॉस्पिटलने शस्त्रक्रिया सांगितली आणि जो खर्चाचा कागद हातात दिला तो बघून घरी आलो. थेंब सुरू केल्यावर जिना चढू लागलो. क्लोरीन डायऑक्साइडचं ऑक्सिडेशन पोटेन्शियल फक्त ०.९५ व्होल्ट आहे. ओझोनचं २.०७. त्यामुळे हा फक्त कमकुवत, आजारी पेशी आणि जंतूंनाच मारतो, निरोगी पेशींना हात लावत नाही. हे साधं रसायनशास्त्र आहे. आणि ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते, आशाताई मेडिक्लोरची (क्लोरीनच्या थेंबांची) बाटली देतात, ते चालतं. आम्ही घेतलं की विष. ज्यात कंपन्यांना पैसा नाही ते दाबलं जातं, इतकंच.

नारायणपेठी

आली का कंपनी. वाटच बघत होतो.

भुलवैद्य

नारायणपेठी, थांबा जरा. मोकळा_श्वास यांना खर्चाच्या कागदाने धक्का बसला हे मला अगदी पटतं, तो राग खोटा नाही. पण व्होल्टचं गणित चुकलंय, आणि ते नेमकं कुठे चुकलंय ते बघण्यासारखं आहे.

०.९५ व्होल्ट म्हणजे काही ओळखपत्र नव्हे, की बघून आजारी पेशीला आत घ्यावं आणि निरोगीला सोडावं. तो आकडा एवढंच सांगतो की समोरच्याकडून इलेक्ट्रॉन ओढायची ताकद किती. आणि ज्याच्याकडून ओढायचे त्यात आपलं हिमोग्लोबिन येतं, त्यातल्या लोहाचा आकडा ०.१५च्या आसपास आहे. ०.९५पुढे ते सहज हरतं.

हरतं म्हणजे काय होतं? हिमोग्लोबिनमधलं लोह फेरस रूपात असेल तरच ते ऑक्सिजन धरतं. त्याचं ऑक्सिडेशन होऊन फेरिक झालं की बनतं मेथहिमोग्लोबिन. ते ऑक्सिजन धरत नाही, आणि शेजारच्या चांगल्या हिमोग्लोबिनलाही धरलेला ऑक्सिजन नीट सोडू देत नाही. म्हणजे फुप्फुसं उत्तम, श्वास चालू, हवा भरपूर, आणि तरी शरीर उपाशी. प्रमाण १५-२० टक्क्यांवर गेलं की ओठ, नखं निळसर दिसतात. ५०च्या वर हृदयाचे ठोके बिघडतात, शुद्ध हरपते. ७०च्या वर सहसा माणूस वाचत नाही. अशा रुग्णाचं रक्त सिरिंजमध्ये घेतलं की चॉकलेटी दिसतं, आणि हवेत ठेवलं तरी लाल होत नाही. एकदा पाहिलं की विसरत नाही.

कोविडपासून आपल्या घराघरात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. इथे त्याच्यावर विसंबू नका. ते यंत्र मेथहिमोग्लोबिनपुढे गोंधळतं आणि ८५च्या आसपास अडकून बसतं. खरी परिस्थिती त्याहून वाईट असू शकते, आणि कितीही ऑक्सिजन लावला तरी आकडा हलत नाही. निदानाला रक्ताची को-ऑक्सिमेट्री लागते.

यावर औषध आहे, मिथिलीन ब्लू, शिरेतून देतात. पण ते तांबड्या पेशी शाबूत असतील तरच काम करतं. क्लोराइट नुसतं लोह बिघडवून थांबत नाही, पेशीच फोडतं. फुटलेल्या पेशींचा माल किडनीत जाऊन बसतो, लघवी काळपट होते, मग बंदच होते आणि गोष्ट डायलिसिसवर जाते. सोडियम क्लोराइट प्यायल्यावर किडनी निकामी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. ज्यांच्यात जीसिक्सपीडी हे एन्झाइम जन्मतः कमी असतं (आणि बहुतेकांना ते माहीतही नसतं) त्यांच्या पेशी लवकर फुटतात, आणि त्यांना मिथिलीन ब्लूही सोसत नाही.

सोनकी, तुमच्या बाबांबाबत मला याच्याही आधी साध्या गोष्टीची भीती आहे. ७४ वय, बीपीची गोळी, रोज उलट्या-जुलाब. या वयात अंगातलं पाणी कमी व्हायला वेळ लागत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये या थेंबांविरुद्ध इशारा दिला, त्यात हेच होतं: तीव्र उलट्या, तीव्र जुलाब, पाणी कमी होऊन जिवावर बेतेल इतकं घसरलेलं बीपी, आणि यकृत निकामी होणं. बाबांचा क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारी रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, शुगर आजच बघून घ्या.

ओठ निळे, धाप, खूप गुंगी किंवा काळी लघवी दिसली तर सरळ १०८. उलटी काढायला लावू नका, लिंबू-सोडा काही पाजू नका. दोन्ही बाटल्या सोबत न्या, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण वृद्ध माणूस निळा पडलेला बघून आम्ही आधी हृदय आणि फुप्फुसच शोधत बसतो. दिल्लीच्या एम्समधल्या विष माहिती केंद्राचा नंबर १८०० ११६ ११७, चोवीस तास चालतो.

पाणीवाला

डॉक्टर, +१.

मेडिक्लोर आणि टीसीएलचं उत्तर मी देतो. ते पाण्यात टाकून अर्धा तास थांबायला सांगतात, ते उगाच नाही. त्या अर्ध्या तासात क्लोरीन पाण्यातल्या जंतूंवर आणि घाणीवर खर्च होतो. आपण पितो तेव्हा त्यातलं किंचित शिल्लक असतं. थेंबवाले मात्र रसायन पाण्यावर खर्चच होऊ देत नाहीत, ताजं बनवून ते पोटावर खर्च करतात. जंतू मारण्याचा त्याचा गुण खराच आहे. अडचणही तीच आहे, त्याला जंतूची पेशी आणि जठराच्या अस्तराची पेशी यांत फरक करता येत नाही.

तिरफळ

वाचतेय. या थेंबांचा इतिहास थोडा माहीत आहे म्हणून भर घालते.

जनक जिम हंबल, सोनं शोधणारा अमेरिकन. १९९६ मध्ये गयानाच्या जंगलात सोबतच्या लोकांना मलेरिया झाला, जवळचे पाणी शुद्ध करायचे थेंब पाजले आणि ते बरे झाले, ही त्याची कथा. पुढे त्याने 'मिरॅकल मिनरल सोल्यूशन' (एमएमएस) असं नाव देऊन ते एड्सपासून कॅन्सरपर्यंत सगळ्यावर लागू केलं. मग मार्क ग्रेनन नावाच्या माणसाबरोबर चक्क चर्च काढलं! म्हणजे औषध विकत नाही, धार्मिक संस्कार करतो, असं म्हणायची सोय. कोविडमध्ये तेच थेंब कोरोनावर विकले. कोर्टाने मनाई केली, ती धुडकावली. ग्रेनन आणि त्याचे तीन मुलगे, सगळ्यांवर खटला झाला. फ्लोरिडातल्या छाप्यात सुमारे १० हजार पौंड, म्हणजे साडेचार टन सोडियम क्लोराइट सापडलं. २०२३ मध्ये दोषी ठरले, दोन मुलांना साडेबारा वर्षांच्या वर, बाप आणि तिसऱ्या मुलाला पाच-पाच वर्षं.

युगांडात रेड क्रॉसने या थेंबांनी मलेरिया बरा केला असा व्हिडिओ अजून फिरतो. रेड क्रॉसने त्यापासून जाहीरपणे हात झटकलेत. तुमच्या ग्रुपवरही येईलच, आला नसेल तर.

मोकळा_श्वास, कंपन्यांचा पैसा म्हणता, तर साडेचार टन माल काय वाटायला ठेवला होता?

मोकळा_श्वास

अमेरिकेतल्या लोकांनी काय केलं त्याच्याशी माझा संबंध नाही. माझे गुडघे माझ्याबरोबर आहेत.

भुलवैद्य

बरोबर आहे. मग गुडघ्यांबद्दलच विचारतो. थेंबांबरोबर आणखी काय बदललं? या मंडळींच्या पथ्यात दारू, तळकट, साखर बंद असते. वजन उतरलं का? संधिवाताचं दुखणं मुळातच कमी-जास्त होतं, आणि माणूस नवा उपाय धरतो तो दुखणं अगदी टोकाला असताना, त्यामुळे पुढचे दिवस बरेच जातात. तुम्ही चालता आहात याचा मला आनंदच आहे. फक्त एकदा सीबीसी आणि क्रिएटिनिन करून घ्या, रिपोर्ट मला व्यनि (खाजगी निरोप) करा. पैसे लागणार नाहीत.

कडूलिंब

एवढं लिहून जाते. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. पालकांच्या एका कायप्पा (व्हॉट्सअ‍ॅप) ग्रुपवर हेच थेंब आले होते, तोंडातून आणि एनिमातूनही द्यायचे. सोबत फोटो, 'बघा, मुलाच्या पोटातून किती लांब जंत निघाले.' मी तो फोटो आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंना दाखवला. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. ते जंत नव्हते. रसायनाने सोलून निघालेलं आतड्याचं अस्तर आणि चिकट स्राव होता तो. फोटो टाकणाऱ्या आईने खाली आनंदाच्या खुणा टाकल्या होत्या.

त्या आईला मी दोष देत नाही. रात्री दोन वाजता मोबाइलवर मुलासाठी काय काय शोधतो आम्ही, ते आम्हालाच माहीत. पण फोटो पुढे ढकलणाऱ्या आणि बाटल्यांची ऑर्डर घेणाऱ्या ॲडमिनचं मूल ऑटिस्टिक नव्हतं.

नारायणपेठी

कडूलिंब, 🙏

अवांतर: मला एक कोडं सुटत नाही. आमच्या कट्ट्यावरचे लोक सकाळी आवळ्याचा रस घेतात, ग्रीन टी घेतात, 'अँटिऑक्सिडंट आहे' म्हणून. आणि त्यातलेच दोघं आता ऑक्सिडंटचे थेंब घेतात. सकाळी विझवायचं आणि संध्याकाळी पेटवायचं, असा कार्यक्रम आहे का?

पाणीवाला

कोडं नाही, त्यांच्या पथ्यातच उत्तर आहे. थेंब घेताना आवळा, संत्रं, लिंबू सरबत, व्हिटॅमिन सी वर्ज्य, कारण क जीवनसत्त्वापुढे क्लोरीन डायऑक्साइड टिकत नाही. म्हणजे औषध टिकावं म्हणून फळं बंद.

सोनकी

अहो, म्हणूनच! नणंदेने पाठवलेली आवळा कँडी बाबांनी न फोडता परत दिली. आम्हाला वाटलं दातांमुळे.

तिरफळ

याच जातीचा दुसरा प्रकार, म्हणजे ३५ टक्क्यांचं 'फूड ग्रेड' हायड्रोजन पेरॉक्साइड. जखमेवर लावतो ते ३ टक्के. ३५ टक्क्यांच्या एका मिलिलिटरमधून शंभर मिलिलिटरच्या वर ऑक्सिजन वायू सुटतो. 'शरीराला ऑक्सिजन मिळतो' असं सांगतात, पण तो वायू पोटात सुटतो, बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. फूड ग्रेड याचा अर्थ पिण्यालायक असा नाही, डबे-पाकिटं निर्जंतुक करायला चालेल इतकं शुद्ध, एवढाच. हेच वाफेच्या मशीनमधून हुंगणारेही आहेत. नका करू.

सोनकी

सगळ्यांचे आभार. इथलं वाचून मी बाबांशी वाद घातला नाही. वही घेऊन त्यांच्यासोबत आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले, म्हटलं, तुम्ही इतकं व्यवस्थित लिहिलंय तर त्यांनाही दाखवू. त्यावर लगेच तयार झाले. नोंदींचं कौतुक झालेलं त्यांना आवडतं. (फॅक्टरीत क्वालिटी कंट्रोलला होते.)

उपाशीपोटी शुगर २३८. क्रिएटिनिन मागच्या वेळेपेक्षा वाढलेलं. हिमोग्लोबिन उतरलेलं. डॉक्टरांनी आवाज चढवला नाही, दोन रिपोर्ट शेजारी ठेवले आणि म्हणाले, "काका, तुमच्या वहीत 'परिणाम' रकाना आहे ना, त्यात हेही लिहा." बाबांनी तिथेच लिहिलं. गोळी पुन्हा सुरू झालीय. थेंब चुकीचे आहेत हे काही मान्य नाही, 'तुमच्या समाधानासाठी' थांबवलेत. आणि एक बाटली माझ्या हवाली केली, आम्लाची. दुसरी कपाटात आहे. मी विचारलं तर म्हणाले, "सूनबाई, आम्ल काय, लिंबूही चालतं."

नारायणपेठी

क्वालिटी कंट्रोल 😀 पण क्रिएटिनिनचं वाचून हसू आलं नाही. दुसरी बाटली मिळवाच.

तिरफळ

सोनकी, ग्रुपमध्ये विकणारा कोण ते माहीत असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. लेबलवर 'फक्त पाणी शुद्धीकरणासाठी' असतं आणि तोंडी डायबिटिस बरा होतो सांगतात, कारण लिहिलं तर ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यात अडकतात. १९५४चा कायदा आहे, डायबिटिस त्या यादीत आहे. कायप्पावरच्या दाव्यांचे स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा.

सोनकी

विकणारे बाबांचे चाळीस वर्षांचे मित्र आहेत. स्वतःही घेतात. तक्रार करवत नाही हो. त्यांच्या सुनेला मात्र या धाग्याची लिंक पाठवलीय.

दुसरी बाटली आज मिळाली! बाबांनी स्वतःच आणून ओट्यावर ठेवली, काही बोलले नाहीत. आता ही टाकू कुठे? बेसिनमध्ये ओतून वर टॉयलेट क्लीनर मारलं तर?

पाणीवाला

नाही! नाही! टॉयलेट क्लीनर म्हणजे आम्ल. मोरीतच तो वायू तयार होईल, बंद बाथरूममध्ये.

असं करा. हातमोजे घाला, खिडक्या उघडा. ज्या मोरीत आज ॲसिड, क्लीनर, व्हिनेगर काही पडलेलं नाही ती आधी पाण्याने धुऊन घ्या. प्लास्टिकच्या बादलीभर पाण्यात पहिली बाटली थोडी थोडी ओता, मग ती बादली नळ सोडून हळूहळू मोरीत. आम्लाची बाटली त्याच दिवशी नको, दुसऱ्या दिवशी, तीही भरपूर पाण्यातून. थेंब ओट्यावर किंवा फडक्यावर सांडले तर फडकं लगेच पाण्यात बुडवून पिळा, तसंच वाळू देऊ नका. क्लोराइट कापडात वाळलं की घासल्याने किंवा उष्णतेने पेट घेतं. बाटल्या दोन-तीनदा विसळून, झाकणं काढून सुक्या कचऱ्यात, आणि कचरा घेणाऱ्या ताईंना सांगून द्या. काचेचा ग्लासही धुऊन घ्या नीट.